न सापडलेला ठोका

सर कुणाला नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की ते सरळ त्याचं मनगट धरायचे. मग तो ओळखीचा असो की अनोळखी, लग्नाचा मांडव असो की भाजीचा ठेला. मनगट धरून मान थोडी तिरपी करायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि "हं" म्हणून हात सोडून द्यायचा. त्या "हं"चा अर्थ कुणाला कधी कळला नाही. ज्याचा हात सुटला तो माणूस मात्र पुढचा बराच वेळ स्वतःलाच चाचपत बसायचा. भोपाळच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सर शिरले की निम्मी मंडळी हात पाठीमागे घेऊन उभी राहायची, जणू शाळेत छड्या बसणार आहेत.

"हात जोडले की दोन्ही हात आपल्यापाशीच राहतात," ते म्हणायचे. "समोरच्याचं काय समजलं त्यात?"

मी त्यांच्याकडे ईसीजी काढायला होते. मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा माझे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. डिप्लोमा झाल्यावर कुणीतरी सांगितलं, अरेरा कॉलोनीत एक मराठी डॉक्टर आहेत, माणूस सनकी आहे, कुणी टिकत नाही, जाऊन बघ. गेले. त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं नाही. मनगट धरलं.

"घाबरून राहिली तू," ते आपल्या वऱ्हाडी वळणात म्हणाले. "चांगलं आहे. जे घाबरत नाहीत ते तारा उलट्या लावतात."

राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि माझी ईसीजीची खोली म्हणजे जुनं गॅरेज. सर खुर्चीत बसून पेशंट तपासत नसत. ते त्याला घेऊन गच्चीचा जिना चढायचे. साडीतली बाई असो, पोट सुटलेला कंत्राटदार असो, सगळ्यांना जिना. चढताना गप्पा मारायच्या, मुलं काय करतात, गाव कुठलं, आणि तेवढ्यात माणूस कुठल्या पायरीवर बोलायचा थांबला ते बघायचं. गच्चीवर पोचल्यावर बहुतेक वेळा सरांनाच जास्त धाप लागलेली असायची. मग दोघं मिळून पाणी प्यायचे.

एक शब्द मात्र त्या घरात बंद होता. नॉर्मल. पेशंट विचारायचे, "डॉक्टर साहब, सब नॉर्मल है ना?" त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर, "अभी तो ठीक है." लोक वैतागायचे. चांगली तपासणी करून घ्यायची आणि वर "अभी तो" ऐकायचं म्हणजे काय? एक बाई तर रडायलाच लागल्या होत्या. मी सरांना म्हटलं, "म्हणा ना एकदा नॉर्मल, काय जातं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यामागचं कारण मला काकूंकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून, कळलं.

फार पूर्वी एक संगीतशिक्षक सरांकडे यायचे. छातीत मधूनच फडफडतं म्हणून आले. ईसीजी सरळ, रक्तदाब बरा, जिनाही हसत चढले. सरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, एकदम नॉर्मल, मजेत गा. काही आठवड्यांतच त्या मास्तरांना लकवा झाला. मोठ्या इस्पितळात समजलं की त्यांच्या हृदयाचा ताल अधूनमधून बिघडत होता. बिघडायचा आणि आपोआप जागेवर यायचा. सरांनी ईसीजी काढला तेव्हा तो जागेवर होता, एवढंच. मास्तर जगले, पण पेटीवर त्यांची बोटं पुन्हा चालली नाहीत.

"हृदयाचे वरचे दोन कप्पे आकसायचं सोडून नुसते थरथरतात," सर मला समजावून सांगायचे. "रक्त तिथं साचतं. साचलं की गुठळी होते. गुठळी वर मेंदूत गेली की खेळ आटोपला. आणि आपण काय पाहतो? कागदावरचे काही सेकंद. चोवीस तास दुकान उघडं असते, आपण एकदा डोकावतो आणि सांगतो, इथं चोरी होत नाही."

त्यामुळे बंगलोरहून त्यांचा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा काय होईल याचा आमचा सगळ्यांचा अंदाज चुकला. सर पूर्वी मेडिकल कॉलेजात शिकवायला जायचे, तेव्हाचा हा मुलगा. आता तो एका कंपनीत एआयचं काम करत होता. त्यांचा प्रोग्रॅम ईसीजी बघून ठरवायचा की या माणसाचा ताल आत्ता बरा दिसत असला, तरी एरवी बिघडत असण्याचा संशय आहे का. मला वाटलं होतं, सर त्याला जिना चढायला लावून तसाच घरी पाठवतील.

"याला शिकवलं कुणी?" सरांनी विचारलं.

"लाखो ईसीजी दाखवले, सर. ज्यांचा ताल पुढे बिघडलेला सापडला त्यांचे आधीचे, शांत असतानाचे कागद. आता तसाच शांत कागद दिसला की तो ओळखतो."

"कशावरून ओळखतो?"

तो जरा चाचरला. "ते आम्हालाही धड सांगता येत नाही, सर."

सर मोठ्यानं हसले. "मला तरी नाडीचं कुठं सांगता येते?"

मग ते आत गेले आणि कपाटातून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. त्या मास्तरांचा ईसीजी त्यांनी ठेवला होता. विद्यार्थ्यानं त्याचा फोटो काढून प्रोग्रॅममध्ये घातला. पडद्यावर तीनच उत्तरं यायची: संशय कमी, मध्यम, जास्त. जास्त आलं. सर कागद तसाच टेबलावर ठेवून उठले. एकटेच जिना चढून गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला, त्याचं काही चुकलं का, अशा चेहऱ्यानं.

त्या दिवसापासून सर त्या प्रोग्रॅमच्या अगदी प्रेमात पडले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी नव्या यंत्राला नाकं मुरडायची असतात ना, इथं उलटच झालं. विद्यार्थी स्वतः सांगायचा, "सर, हा फक्त संशय असतो, निदान नाही." सर ऐकून घ्यायचे आणि पुन्हा पडद्याकडे बघायचे. काकूंनी प्रोग्रॅमचं नाव ठेवलं पोपट. रस्त्यावर ज्योतिषाचा पोपट पाकीट काढून देतो, तसा. "काय म्हणतोय आज तुमचा पोपट?" असं विचारतच त्या दुपारचा डबा घेऊन खाली यायच्या.

भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यात आम्ही कॅम्प घेतला होता. तिथं एका क्रेनवाल्याला पोपटानं "जास्त" काढून दिलं. पन्नाशीचा धडधाकट माणूस, कधी सर्दीची गोळी न घेतलेला. सरांनी त्याच्या छातीवर पट्टी चिकटवली. ही पट्टी पंधरवडाभर अंगावर ठेवायची, ती प्रत्येक ठोका नोंदवते. आणि खरंच, त्यात बिघडलेला ताल सापडला! रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं. सरांनी दहा नंबर मार्केटातून जलेबी आणून पेशंटांना वाटली. स्वतःही खाल्ली, हात चिकट झाले, त्याच हातांनी चार मनगटं धरली.

पुढं एकदा तो क्रेनवाला न सांगता येऊन बाकावर बसला. सरांना वाटलं, आभार मानायला आला.

"साहब, बीमारी तो पहले भी नहीं दिखती थी, अब भी नहीं दिखती," तो म्हणाला. "बस क्रेन नहीं रही."

कारखान्यानं त्याला खाली उतरवून फाटकावर बसवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर घ्यायचे. "ऊपर से पूरा मंडीदीप दिखता था, साहब," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सर मला स्कूटरवर मागे बसवून मंडीदीपला गेले. मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून त्याचंही मनगट धरलं. त्यानं शांतपणे हात सोडवून घेतला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "डॉक्टर साहब, आप ही ने तो लिखकर दिया है. कल को वो ऊपर बेहोश हो गया, नीचे चार आदमी खड़े हैं, तो मैं किसको जवाब दूँगा?" सर वळून बाहेर आले. परत येताना त्यांनी रस्त्यात टपरीवर स्कूटर थांबवली. चहा घेतला आणि हातातच गार होऊ दिला.

"पोरी," ते म्हणाले, "त्याचा लकवा टळला असेल. नसेलही. मुळात होणारच नसेल. हे आता कधीच समजणार नाही. टळलेलं कुणाला दिसत नाही. खाली उतरवलेला माणूस तेवढा दिसते."

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

काकू पुण्याच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या आणि सरकारी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलाचीही झोप उडावी. निवृत्त झाल्यावर तो आवाज त्यांनी मराठी मंडळाच्या नाटकांना दिला. गणपतीतलं नाटक दरवर्षी त्याच बसवायच्या. बँकेतले क्लार्क, इंजिनीयर, त्यांच्या बायका, सगळ्यांना रागवून रागवून उभं करायच्या. आणि अख्ख्या भोपाळात मनगट न देणाऱ्या त्या एकट्याच. सरांनी हात पुढे केला की म्हणायच्या, "एकदा दिलाय हात, भटजींसमोर. रोज रोज मिळणार नाही."

दवाखान्यात नवीन ईसीजी मशीन आलं होतं. ते पोपटाला नीट जोडलं गेलंय की नाही हे पाहायला एखाद्या निरोगी माणसाचा ईसीजी हवा होता. काकू डबा घेऊन आल्या होत्या.

"माझा घे," असं म्हणत त्या स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. "तुमच्या पोपटाला एकदा तरी चांगला माणूस बघू दे."

मी तारा लावल्या. कागद निघाला, अगदी पुस्तकात छापावा असा सरळ. पडद्यावर आलं, जास्त. काकू हसल्या. मी तारा काढून पुन्हा लावल्या. जास्त. सरांनी मला बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं लावल्या. पुन्हा तेच. तेव्हा सरांनी काकूंचं मनगट धरलं, आणि काकूंनी ते धरू दिलं. त्या हसायच्या थांबल्या होत्या. डबा तसाच राहिला.

पंधरवडा पट्टी लावली. काही सापडलं नाही. काकू सगळ्यांना सांगत सुटल्या, पोपट हरला. सरांनी दुसरी पट्टी लावली. तिच्यातही काही नाही. शहरातल्या एका मोठ्या हृदयतज्ज्ञाकडे सर सगळं घेऊन गेले. त्यानं आदरानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, ताल बिघडलेला प्रत्यक्ष सापडल्याशिवाय रक्त पातळ करायचं औषध देता येणार नाही. आत कुठं रक्तस्राव झाला तर? नुसत्या संशयावर तुम्ही तरी द्याल का दुसऱ्याच्या बायकोला?" सर दुसऱ्याच्या बायकोला देणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्या गोळ्यांची एक स्ट्रिप त्यांनी आणली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कितीतरी महिने ती त्या खिशात होती. शर्ट बदलला की स्ट्रिप नव्या शर्टात जायची. दिलीही नाही, फेकलीही नाही.

मग त्यांनी पहारा सुरू केला. काकू जिना चढल्या की सर मागे. काकू झोपल्या की मनगटावर बोटं. त्या वर्षी काकू नाटक बसवत होत्या, तर सर तालमीला जाऊन विंगेत स्टुलावर बसायला लागले. काकूंनी कुणावर आवाज चढवला की सर उठून उभे राहायचे. नट हसायला लागले. एकदा भर तालमीत त्यांनी पुढे येऊन काकूंचा हात धरला. काकूंनी नाटकाची वही दुसऱ्या एका बाईंच्या हातात दिली आणि चपला घालून घरी निघून आल्या. तेव्हापासून त्या तालमीला गेल्या नाहीत.

एकदा ईसीजीच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "हा माणूस आताशा माझ्याकडे बघत नाही गं. माझ्या आत बघतो. मी काही बोलले तर ऐकत नाही, श्वास मोजतो. मी बरी आहे हे याला खोटं वाटतं आणि मी मरणार हे खरं. अशा माणसाबरोबर जेवायचं कसं?"

मी सरांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तिला राग येते, ठीक आहे. जिवंत माणसाला राग येते."

तिसरी पट्टी लावायला काकूंनी साफ नकार दिला आणि लेकीकडे, नागपूरला निघाल्या. थोडे दिवस म्हणून. रिक्षा फाटकाशी उभी होती. सर पट्टीचा नवा डबा घेऊन बाहेर आले.

"एवढी घेऊन जा. तिथं लाव."

"पट्टी राहू द्या इथं," काकू म्हणाल्या. "मला जाऊ द्या."

नागपूरला त्या खुलल्या. लेक फोनवर सांगायची, आई हसते, आई शेजारच्या मुलींना नाच शिकवते. सर फोनवर हे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "दम लागते का? पाय सुजले का?" हळूहळू काकू फोनवर यायच्या बंद झाल्या. सर भोपाळात एकटेच राहिले. पेशंट यायचे, पण सर जिना चढेनासे झाले. खालीच बसून राहायचे. लोकांची मनगटं धरायचे, पण त्यांचं लक्ष तिथं नसायचं. "हं" म्हणायलाही विसरायचे.

असं वर्षभर चाललं असेल. एका सकाळी लेकीच्या घरी, बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता तोडता तोडता काकू खाली पडल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळात मशीनला जोडून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मशीनच्या पडद्यावर तो ताल सगळ्यांना दिसला. थरथरणारा, वेडावाकडा. दोन पट्ट्यांना कधीच न सापडलेला.

माझी मावशी नागपूरला असते. मी तिच्याकडे उतरून इस्पितळात गेले. सर व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांचा तो बंगलोरचा विद्यार्थी फोनवर होता. सरांना फोन कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर सुरू होता.

"सर, फार वाईट झालं. मला समजत नाहीये काय बोलावं." जरा थांबून तो म्हणाला, "पण सर, म्हणजे... प्रोग्रॅम बरोबर होता."

"होता ना," सर म्हणाले. "बरोबर होता. आता पुढं काय करायचं, ते त्याला विचारून सांग."

त्या मुलाला दोष देता येणार नाही. पुढं तो भोपाळला आला तेव्हा काकूंच्या पलंगापाशी नुसता मान खाली घालून बसून होता, आणि जाताना गॅरेजमध्ये माझ्यासमोर रडला.

काकूंचा पहिला शब्द यायला बरेच दिवस लागले. सलाईन बदलायला आलेल्या नर्सला त्या म्हणाल्या, "बैठ जाओ." नर्स हसली. लेकीला वाटलं, गमतीनं म्हणाली असेल. मग आणखी शब्द आले. पानी. खिड़की. सुनिए. दर्द है. सगळे हिंदी. मराठीतला एकही आला नाही. लेक तासन्‌तास "आई, मी कोण? आई, 'पाणी' म्हण" करत बसायची. काकूंना ते कळायचं की नाही कोण जाणे, त्या तिच्या तोंडाकडे बघायच्या, ओठ हलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बेटी, थक गई." डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी. दोन भाषा असल्या तर कुठली परत येईल हे सांगता येत नाही.

ज्यांना काकू माहीत होत्या त्यांनाच यातलं दुःख कळेल. त्यांच्या घरात नियम होता: हिंदी चपलांबरोबर बाहेर काढायची. "दिवसभर शाळेत हिंदी बोलून तोंड विटतं माझं, घरात शुद्ध मराठी." सरांचं वऱ्हाडी वळणाचं बोलणंसुद्धा त्या दुरुस्त करायच्या. "'करून राहिली' नाही हो, 'करते आहे'." चाळीसेक वर्षं दुरुस्त करूनही सर सुधारले नव्हते. आणि आता त्याच बाईपाशी वर्गातली हिंदी तेवढी उरली होती. मुलांना गप्प करायची, नकाशा काढायला सांगायची हिंदी.

सर त्यांना भोपाळला घेऊन आले. दवाखाना बंद केला. ईसीजीचं मशीन कुणालातरी देऊन टाकलं आणि मला एका मोठ्या इस्पितळात चिकटवून दिलं. सुट्टीच्या दिवशी मी जायचे. सर काकूंना भरवायचे, केस विंचरायचे, आणि दिवसभर हिंदी बोलायचे. पेशंटांशी बोलायची त्यांची हिंदी म्हणजे निव्वळ हुकूम: लंबी साँस लो, जीभ दिखाओ. बायकोशी बोलायची हिंदी त्यांना येत नव्हती. ती ते शिकत होते. एकदा मला दाराशी गाठून हळूच विचारलं, "पोरी, 'रुसू नको'ला काय म्हणतात गं?"

"रूठो मत," मी म्हटलं.

"रूठो मत," ते पुटपुटले. "रूठो मत." पाठ करत आत गेले.

काकूंना औषधं होती, व्यायाम होता. डाव्या हातानं त्या चमचा धरायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी त्या झोपल्यावर सर माझ्याबरोबर पायरीवर येऊन बसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुम्ही तर ओळखलं होतं, सर. तुम्ही सगळं केलं."

"ओळखलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर ती गेली इथून." मग शर्टाचा खिसा चाचपला. "नसतं ओळखलं, तरी हा झटका आलाच असता. फरक काय पडला सांगू? तिला तो त्या सकाळी आला. मला तो आधीपासूनच आलेला होता. त्या सगळ्या दिवसांत ती चांगली चालत होती, बोलत होती, ओरडत होती. मी ते पाहिलंच नाही. खिशात गोळी घेऊन फिरत राहिलो. गोळी द्यायला पाहिजे होती की फेकून द्यायला पाहिजे होती, ते मला अजून समजत नाही. पण या दोन्हीपैकी एक करायला पाहिजे होतं."

आतून काकूंची हाक आली, "सुनिए," आणि सर गुडघ्यांवर हात टेकून उठले. "आया, आया," म्हणत गेले.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुसरा झटका आला, औषधं चालू असतानाच.

तेराव्याला मी गेले होते. नागपूर-पुण्याकडचे सगळे नातेवाईक जमले होते. सर पांढरा सदरा घालून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हिंदीत बोलत होते. पुण्याच्या मेहुण्याशी, म्हाताऱ्या आतेबहिणीशी, भटजींशी. सुरुवातीला लोकांना वाटलं, भानावर नाहीत. लेक जवळ बसून म्हणाली, "बाबा, आता आपलेच लोक आहेत सगळे. मराठीत बोला ना." तर म्हणाले, "हाँ बेटी, देख रहा हूँ, सब आए हैं." आतेबहिणीनं पदर तोंडाला लावला. कुणीतरी हळूच म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. नव्हता झाला. प्रत्येकाला ओळखत होते, कुणाला साखर चालत नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात होतं. ते फक्त मराठीत परत आले नाहीत.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मी जिथं काम करते त्या इस्पितळातही आता असाच प्रोग्रॅम आहे. संशय असला की कागदाच्या कोपऱ्यात लाल खूण येते. त्यानं माणसं वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागे एका बाईंचा ताल पट्टीत सापडला, वेळेवर औषध मिळालं, परवा त्या नातवाला घेऊन दाखवायला आल्या होत्या. मला वाटलं, हे सरांना सांगावं. म्हणून रविवारी गेले.

सर फाटकाशीच उभे होते, हातात दुधाची पिशवी. आताशा ते कुणाला आत बोलावत नाहीत, तिथंच दोन शब्द बोलून वळतात. मी सगळं सांगितलं, मराठीत, नेहमीसारखं. त्यांनी ऐकून घेतलं.

"अच्छा हुआ," म्हणाले. आणि मग, "घर में सब ठीक, बेटा?"

एवढी वर्षं ते मला पोरी म्हणत आले होते. मी "हो सर" म्हणणार होते, एरवी म्हणते तसंच. त्यांच्या हातातल्या पिशवीतून थेंब थेंब दूध गळत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"जी सर," मी म्हटलं, "सब ठीक है. आप कैसे हैं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फाटकाची कडी काढली आणि मला आत घेतलं.